कुडाची भिंत आणि 'पक्के' घर : पालघर-तारापूरच्या हवेतला इतिहास

१.
मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पालघर आणि बोईसर परिसरात दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या खांबाची सावली क्षणभर नाहीशी होते. सूर्य अगदी माथ्यावर आलेला असतो. असा दिवस वर्षातून दोनदा येतो. दुसरा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात असतो, पण बहुधा ढगांआड निघून जातो. इथल्या घरबांधणीचा पहिला नियम या घटनेत दडला आहे : ऐन उन्हाळ्यातले ऊन भिंतीपेक्षा कितीतरी अधिक छपरावर पडते. प्रस्तुत धाग्यात या मुलखातल्या छपरांचा आणि भिंतींचा इतिहास आहे. त्यांना सरकारी कागदावर मिळालेल्या 'कच्चे' या एका विशेषणाचाही आहे.

२.
प्रथम हवा. भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेने देशाचे पाच हवामान विभाग केले आहेत. पालघरची किनारपट्टी त्यांपैकी उष्ण-दमट विभागात मोडते. विदर्भातल्या उन्हाळ्याशी तिची तुलना करता येत नाही. विदर्भात दिवस तापतो आणि रात्र बरीच निवते. तिथे जाड भिंत दिवसाची उष्णता अडवून धरते आणि ती भिंत रात्री थंड होते. किनाऱ्यावर दिवस-रात्रीच्या तापमानात फारसे अंतर नसते. दिवसभर तापलेली जाड भिंत इथे रात्रभर आतल्या माणसांना शेकत राहते. हवेतली वाफ घाम वाळू देत नाही, म्हणून इथे खरा दिलासा वाऱ्याचा. त्यानंतर चार महिने पाऊस, तोही नैर्ऋत्येकडून तिरका मारणारा. छपराने ऊन आणि झड दोन्ही अडवावीत, भिंतीने वारा आत घ्यावा आणि उष्णता साठवू नये : हवेने घरापुढे ठेवलेल्या अटी अशा आहेत.

३.
या अटींना वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेले उत्तर म्हणजे कुडाचे घर. कारवी हे सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारे झुडूप. साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी टाकून वाळते. तिच्या सरळ, बोटाएवढ्या जाड काठ्या ओळीने उभ्या करून बांबूच्या पट्ट्यांनी आवळतात. त्यावर माती, शेण आणि भाताचे तूस यांचा लेप देतात. ही झाली कुडाची भिंत. ती पातळ असते, म्हणून उष्णता साठवून ठेवत नाही. लेप न दिलेल्या भागांतून वारा आणि उजेड गाळून आल्यासारखे आत येतात. छपराचा भार ती घेत नाही. तो भार जमिनीत रोवलेल्या लाकडी मेढींवर असतो. कूड हा केवळ आडोसा, त्यामुळे खराब झालेला भाग उतरवून तेवढाच नवा बांधता येतो.

४.
या घराचे खरे शहाणपण छपरात आहे. आढ्यापासून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे भिंतीच्या बरेच पुढे येतात आणि वळचण इतकी खाली येते की आत शिरताना माणसाला वाकावे लागते. बाहेरच्या पाहुण्याला ती दैन्याची खूण वाटते. पण मातीच्या भिंतीचा खरा शत्रू पाणी, आणि उतरती वळचण तिरक्या झडीपासून भिंत वाचवते. छपरावर गवताचा किंवा पेंढ्याचा जाड थर असतो. त्या थरात कोंडलेली हवा उन्हाला आत येऊ देत नाही. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, असे मराठीत म्हणतात. ज्या बांधणीच्या निरीक्षणातून अशी म्हण निघते, ती घाईगर्दीत उभारलेली नसते.

५.
छपराखाली अनेक घरांत माळा असतो. त्यावर धान्य, बियाणे, पावसाळ्यासाठी जपलेले सरपण. चुलीचा धूर माळ्यातून वर जातो आणि छपराच्या फटींतून बाहेर पडतो. वाटेत तो धान्याला कीड लागू देत नाही आणि वाशांनाही वाळवीपासून काही अंशी वाचवतो. उन्हाने तापलेली छपराखालची हवा माळ्याच्या वरच राहते, माणसे माळ्याच्या खाली राहतात. आजच्या भाषेत सांगायचे तर हे हवा खेळणारे दुहेरी छप्पर होय. मात्र त्याच धुराने स्त्रियांची फुप्फुसे भरली, त्याच अंधाराने घरात विंचू-सापांना जागा दिली आणि एका ठिणगीने अशी घरे जळालीही आहेत. कुडाच्या घराचे गुणगान करताना हे विसरता कामा नये.

६.
किनाऱ्याकडे घराचे रूप पालटते. केळवे-माहीमच्या वाड्यांत नारळ, सुपारी आणि पानवेलीच्या सावलीत घर बसते. वाडीतून येणारा वारा सावलीतून गाळून आलेला असतो. पुढे ओटा, मग पडवी, मग माजघर, मागे परसदार. समोरासमोरची दारे उघडी ठेवली की समुद्राचा वारा घर ओलांडून जातो. दुपारची बैठक पडवीत, उन्हाळ्यातली झोप ओट्यावर. पावसाळ्यापूर्वी वाऱ्याच्या तोंडावरच्या बाजूला झावळ्या विणून केलेली झापे बांधण्याची रीत कोकणपट्टीत सर्वत्र होती. आज त्या जागी निळे प्लॅस्टिक दिसते. साधन बदलले, पण झड कोणत्या बाजूने येते हे ज्ञान तेच राहिले.

७.
छपरावर मोठा बदल घडला तो एकोणिसाव्या शतकात. तोपर्यंत गावच्या कुंभाराने घडवलेली अर्धगोल नळीची कौले वापरात होती. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारे सपाट कौल पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोचले. १८६४ पर्यंत मुंबई रेल्वेने उत्तरेला गुजरातशी जोडली गेली होती आणि ही वाट पालघर-बोईसरवरूनच जाते. मंगलोरी कौल गवताप्रमाणे दर दोन-तीन वर्षांनी बदलावे लागत नाही, जळत नाही आणि सांध्यांतून गरम हवा बाहेर सोडते. गवतानंतर आलेले, तरीही इथल्या हवेशी जुळवून घेणारे हे छप्पर. नवे ते सारे या मुलखाला परके ठरले, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी कौलाचा इतिहास आठवावा.

८.
इतिहासप्रेमींची दृष्टी मात्र सहसा कौलापर्यंत पोचत नाही. ती तारापूरच्या किल्ल्याशी थांबते. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी हा पोर्तुगीज किल्ला सर केला. बाजी भिवराव रेठरेकर तिथेच धारातीर्थी पडले. त्या तटाचा दगड अजून उभा आहे, म्हणून त्याची गोष्ट सांगता येते. किल्ल्याच्या सावलीत त्या काळी कुडाची किती घरे होती, ती कोणी बांधली, याची खूण जमिनीवर उरत नाही. कूड मातीतून येतो आणि मातीत जातो. जे टिकते तेच इतिहास मानले, तर बहुसंख्य माणसांची घरे इतिहासाबाहेरच राहतात.

९.
कुडाच्या बांधणीतले तत्त्व पुढे शास्त्राच्या पुस्तकांतही आले. नाझी राजवटीमुळे देश सोडावा लागलेले जर्मन वास्तुविशारद ओटो क्योनिग्सबर्गर १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानात आले आणि स्वातंत्र्यानंतर भारत सरकारचे गृहनिर्माण संचालक झाले. पुढे लंडनमध्ये त्यांनी उष्ण कटिबंधातील घरबांधणीचे शिक्षण उभे केले. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी सहकाऱ्यांसह लिहिलेले या विषयावरचे पाठ्यपुस्तक जगभर वापरले गेले. उष्ण-दमट हवेसाठी या परंपरेने घालून दिलेले नियम असे : भिंती हलक्या आणि उष्णता न साठवणाऱ्या, छप्पर उष्णतारोधक, वळचणी रुंद, घराच्या आरपार वारा. ही यादी कारवीच्या घराशेजारी ठेवून पाहिली, तर एक नियम सोडून बाकी सारे जुळतात. न जुळणारा नियम मोठ्या खिडक्यांचा.

१०.
मग इतके जुळणारे घर माणसांनी सोडले का? उत्तर जंगलात आहे. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले ठरली आणि कारवी, बांबू, मेढींचे लाकूड, छपराचे गवत या साऱ्यांवर परवानगीचा अंमल आला. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात तक्रारी इतक्या वाढल्या की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी सरकारला आयोग नेमावा लागला. मुंबई वन आयोगाचा अहवाल १८८७ चा आहे. वादाचा एक मोठा विषय राब हा होता. भाताच्या रोपासाठी फांद्या तोडून जमीन भाजण्याची ही पद्धत. ज्या जंगलातून राब येई, त्याच जंगलातून घर येई. दर काही वर्षांनी नवे होणे हीच ज्या घराची प्रकृती, त्याच्यासाठी जंगलाचे दार बंद होणे म्हणजे आयुष्यच तोडणे होते.

११.
दुसरे उत्तर जमिनीत आहे. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या डी. सिमिंग्टन यांच्या अहवालाने मुंबई इलाख्यातील आदिवासींची स्थिती सरकारपुढे मांडली. जमीन सावकार आणि जमीनदारांच्या हाती गेली होती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी माणसे 'लग्नगडी' म्हणून राबत होती. कुळाला केव्हाही उठवता येत होते. २३ मे १९४५ रोजी झरी येथे किसान सभेची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड हुतात्मा झाले. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक या लढ्याचेच. त्या काळातल्या घराकडे पाहताना हा संदर्भ सुटू नये. ज्याला उद्या उठवले जाऊ शकते, तो आज जोत्याचा दगड कशाला घडवील?

१२.
म्हणजे कुडाच्या एकाच छपराखाली दोन वेगळ्या गोष्टी नांदत होत्या. एक ज्ञान : हवा, पाऊस, वारा आणि झाडे यांचे. दुसरी वंचना : जमीन नसण्याची, कर्जाची, जंगलबंदीची. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणना आणि सर्वेक्षणांच्या तक्त्यांत घरांची नोंद साहित्यावरून होऊ लागली. गवत, बांबू, माती असेल तर 'कच्चे'. भाजलेली वीट, दगड, सिमेंट असेल तर 'पक्के'. दारिद्र्य मोजण्यासाठी हा शब्द सोयीचा होता आणि गरजेचाही होता. परंतु त्या एका शब्दात ज्ञान आणि वंचना यांतला भेद पुसला गेला. गरिबीबरोबर कारवीही नापास झाली.

१३.
१९८५ साली सुरू झालेली इंदिरा आवास योजना, आदिवासींसाठीची राज्याची शबरी घरकुल योजना आणि २०१६ पासूनची ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजना, या सर्वांचे उद्दिष्ट पक्के घर. २०१६ च्या योजनेत घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २७० चौरस फूट ठरले आणि सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य. ज्या आजीने आयुष्यभर दर पावसाळ्यापूर्वी सारवण केले, गवत शाकारण्याची चिंता वाहिली, तिला हे घर मिळाल्याचा आनंद खोटा म्हणण्याचा अधिकार शहरातल्या कोणालाही नाही. दाराला कुलूप लागते, भिंतीवर नाव लागते. अडचण मे महिन्यात कळते. स्लॅबवर दुपारी पडलेले ऊन सिमेंटात मुरते आणि मध्यरात्रीपर्यंत खाली उतरत राहते. घर स्वतःचे असते, पण झोपायला अंगण लागते.

१४.
याच मुलखात त्याच काळात दुसरे एक बांधकाम झाले. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. भारतातले हे पहिले अणुऊर्जा केंद्र किनाऱ्यावर आहे आणि आपली यंत्रणा थंड ठेवण्यासाठी ते समुद्राचे पाणी वापरते. यंत्राच्या बाबतीत निसर्गाकडून थंडावा घेण्याचा विचार नकाशावरच झाला होता. माणसांच्या बाबतीत तो तितक्या काळजीने होतोच असे नाही. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. त्यांतल्या कुटुंबांना आखीव वसाहतीत जावे लागले. अशा स्थलांतरात खोल्या मोजून देता येतात. दारासमोरचा वारा, झाडाची सावली आणि जाळे वाळवायचे अंगण मोजून देण्याची पद्धत अजून निघालेली नाही.

१५.
सत्तरच्या दशकात तारापूरची औद्योगिक वसाहत वाढू लागली आणि बोईसरचे गावपण मागे पडले. रसायने, औषधे, कापड, पोलाद यांच्या कारखान्यांसाठी देशभरातून कामगार आले आणि त्यांच्यासाठी चाळी उभ्या राहिल्या. एकाला एक लागून खोल्या, एकच दार, वर सिमेंटचा किंवा लोखंडी पत्रा. पातळ पत्रा ऊन थोपवत नाही, तो स्वतःच तापून खाली उष्णता टाकतो. मागच्या भिंतीला खिडकी नसेल तर वाऱ्याला बाहेर पडायला वाट नाही, आणि ज्याला बाहेर पडता येत नाही तो वारा आतही येत नाही. सरकारी तक्त्यात विटांच्या भिंतीमुळे अशी खोली कुडाच्या घरापेक्षा वरच्या पायरीवर बसते. रात्रपाळी करून आलेला कामगार दुपारी तिथे झोपू पाहतो तेव्हा ती पायरी त्याच्या उपयोगी पडत नाही.

१६.
कूड गेला तशी आणखी एक गोष्ट बेघर झाली. वारली चित्र मुळात भिंतीचे. गेरूने सारवलेल्या कुडावर, घरातल्या अंधाऱ्या भागात, सवासिणी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहीत आणि त्यात पालघाट देवी बसे. पुढच्या सारवणाखाली चित्र जाणार हे ठाऊक असे. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून हे चित्र कागदावर आले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आज बोईसर-डहाणू पट्ट्यात सिमेंटच्या कुंपणांवर वारली आकृत्या रंगवलेल्या दिसतात. चित्राला मान मिळाला. ज्या भिंतीसाठी ते जन्मले, ती मात्र 'कच्ची'च राहिली.

१७.
नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी परिसरातल्या, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपासच्या जमिनीने हा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. लहान-मोठ्या भूकंपांची मालिकाच सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ च्या एका धक्क्याची तीव्रता ४.१ होती. घरांना तडे गेले, माणसे थंडीत उघड्यावर झोपली, तंबू उभारले गेले. भूकंपात माणूस दगावतो तो बहुधा अंगावर कोसळणाऱ्या भाराने. मेढींच्या सांगाड्यावरचा हलका कूड हलतो, वाकतो, पडला तरी त्याचे वजन थोडे. पोलादाची नीट जोड असलेले सिमेंटचे घरही धक्का सोसते. सर्वांत धोक्याची असते ती मधली अवस्था : जड भिंत, कच्चा सांधा, वर बोजड छप्पर. अपुऱ्या पैशात घाईने उभारलेले 'पक्के' घर नेमके याच अवस्थेत अडकू शकते.

१८.
या इतिहासातले शेवटचे पान लोकांनी स्वतः लिहायला घेतले आहे. पालघरहून बोईसरकडे जाताना स्लॅबच्या घरांकडे लक्ष द्यावे. अनेक घरांच्या गच्चीवर लोखंडी खांब रोवून उतरत्या पत्र्याची शेड घातलेली दिसेल. गळती थांबवण्यासाठी म्हणून ती घातली जाते. पण पत्रा आणि स्लॅब यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून वारा वाहतो, स्लॅबवर ऊन पडत नाही आणि खालची खोली निवते. तिथे मिरच्या वाळतात, कपडे वाळतात, उन्हाळ्यात माणसे झोपतात. आत पाड्यांवर घरकुलाला लागून कुडाची पडवी जोडलेली आढळते. चूल तिथे, दुपारची बैठक तिथे. कोणत्याही आराखड्यात नसलेला माळा आणि पडवी लोकांनी सिमेंटच्या घराला परत जोडली आहेत.

१९.
तेव्हा प्रश्न कूड की स्लॅब असा उरत नाही. घराचा आराखडा पहिल्या दिवसापासून ती शेड आणि ती पडवी गृहीत धरून काढता येईल का, हा तो प्रश्न आहे. समोरासमोर दोन उघडझाप, रुंद वळचण, छपराखाली हवेची पोकळी, गच्चीवर चुन्याचा पांढरा हात : यांपैकी काहीही खर्चिक नाही. ग्रामीण विकास मंत्रालयाने आयआयटी दिल्ली आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाबरोबर 'पहल', म्हणजे प्रकृती, हुनर आणि लोकविद्या, या नावाने प्रदेशानुरूप घरांच्या आराखड्यांचा संग्रहही काढला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि इतर गौण वनोपजांवर ग्रामस्थांचा हक्क मान्य केला आहे. १८७८ मध्ये बंद झालेले दार कागदावर तरी किलकिले झाले आहे.

२०.
१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या नावाचे शेवटचे अक्षरजोड 'घर' आहे. नव्या जिल्ह्यात अजून हजारो घरे बांधली जायची आहेत. ती मोजताना कागदावरच्या रकान्यात भिंत कशाची हा प्रश्न राहीलच. त्याच्या शेजारी आणखी दोन रकाने असावेत : ती जमीन कोणाची, आणि मे महिन्यात रात्री दहा वाजता त्या घरात लहान मूल झोपू शकते का?